सकाळी जिन्यात बसते, मधल्या सुट्टीत लंगडी खेळते, मग नक्की दुखतं का?

प्रश्न : ताई, आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी ७ वर्षांची, दुसरीत आहे. दीड वर्षापूर्वी उजवा गुडघा सुजला, पडली असेल म्हणून आधी मलम लावत बसलो, मग डावा घोटा पण सुजला आणि शेवटी जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात, निघालं. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि दुखेल तेव्हा नॅप्रोक्सेन. आता रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आलेत, डॉक्टर म्हणाले कंट्रोलमध्ये आहे. पण सकाळी शाळेला निघताना जिन्यात मध्येच बसून राहते, रडते, उचलून न्यावं लागतं. बाई म्हणतात मधल्या सुट्टीत मस्त लंगडी खेळते. सासूबाई म्हणतात शाळा टाळायची नाटकं. मिस्टर म्हणतात तू सारखी विचारतेस म्हणून ती दुखतं म्हणते. आणि डॉक्टरांनी विचारलं की ही बया मान हलवून 'नाही दुखत' म्हणते, मी खोटी पडते! रात्री कधीकधी पाय चोळून मागते. खरं किती दुखतंय ते ओळखायचं कसं? आणि गॅदरिंगच्या लेझीमला तिने नाव दिलंय, नाचू देऊ का?

उत्तर :

ताई, आधी घरातला वाद मिटवते. पोरगी नाटक करत नाहीये आणि शाळेतल्या बाईही चुकीचं सांगत नाहीयेत. सकाळी जिन्यात बसणारी आणि मधल्या सुट्टीत लंगडी घालणारी मुलगी एकच असणं ही या आजाराची अगदी ओळखीची खूण आहे. संधिवातात सांध्याच्या आतलं अस्तर सुजलेलं असतं, रात्रभर पाय एका जागी राहिला की सांधा आखडतो, उठल्यावर काही वेळ नीट वाकतच नाही, आणि मग हालचाल होत गेली की सुटत जातो. तुमच्याकडे तर उठून आवरलं की लगेच तीन मजले उतरायचेत, आणि उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर अख्ख्या अंगाचा भार येतो. शाळेच्या व्हॅनमधून उतरताना, जमिनीवर बसून होमवर्क केल्यावर, टीव्हीसमोरून उठताना पण पहिली चार पावलं अशीच अवघडल्यासारखी टाकते का ते बघा, मला वाटतं टाकत असणार.

म्हणून डॉक्टरांना नुसतं 'सकाळी दुखतं' असं नका सांगू, त्यातून त्यांना फारसं कळत नाही. डोळे उघडल्यापासून मोकळी चालायला किती मिनिटं लागली ते घड्याळ बघून सांगा. आजार शांत झालाय का हे ठरवताना डॉक्टर बऱ्याच गोष्टी बघतात, सुजलेले सांधे, ईएसआर-सीआरपी म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, ताप, डोळे, त्यात सकाळचं आखडणं १५ मिनिटांच्या वर नको असाही एक मुद्दा असतो. म्हणजे तुमची मुलगी रोज अर्धा पाऊण तास आखडलेली राहत असेल तर रिपोर्ट काहीही म्हणू दे, ही गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच पाहिजे. आणि सांगण्यापेक्षा दाखवा. सकाळी पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जाते तो आणि जिना उतरते तो, असे दोन छोटे व्हिडिओ मोबाईलवर काढा, पाय पूर्ण दिसू देत, चेहरा नसला तरी चालेल. अपॉइंटमेंट संध्याकाळची असते, तोपर्यंत पोर मोकळी झालेली असते, डॉक्टरांना सकाळची मुलगी दिसणार कशी हो?

आता ती तिथे 'नाही दुखत' का म्हणते. तुम्ही खोट्या पडत नाही, हे मनातून काढून टाका. एक तर त्या क्षणी खरंच दुखत नसतं. सात वर्षांच्या मुलाला 'गेल्या आठवड्यात किती दुखलं' विचारलं तर ते आत्ताचं उत्तर देतं. दुसरं, इंजेक्शन. माझ्याकडे ठाण्याला फिजिओला येणारी मुलं मला स्पष्ट सांगतात की दुखतं म्हटलं की सुई वाढते, ज्यांच्या सांध्यात एकदा इंजेक्शन दिलंय ती तर हमखास. तिसरं म्हणजे तुमचा चेहरा. मूल उत्तर द्यायच्या आधी आईकडे बघतं, आईच्या कपाळावर आठी आली की उत्तर बदलतं, कधी आईला बरं वाटावं म्हणून नाही म्हणतं, कधी आई ज्याची वाट बघतेय तेच म्हणतं. आणि खूप लहानपणी आजार सुरू झालेल्या मुलांना तर न दुखणारा गुडघा कसा असतो हेच माहीत नसतं, त्यांच्या दृष्टीने पाय असाच असतो, ती बोलत नाहीत, फक्त लंगडतात किंवा कडेवर घे म्हणतात.

तर विचारायचं कसं. तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, राग मानू नका. दिवसातून दहा वेळा 'दुखतंय का गं' विचारलं की मुलाचं सगळं लक्ष त्या पायावरच राहतं आणि लक्ष गेलं की दुखणं खरोखर जास्त जाणवतं, ते खोटं नसतं. पण म्हणून विचारणंच बंद केलं तर तिला वाटेल हा विषय कुणाला नको आहे, ते त्याहून वाईट. दोन वेळा ठरवा, उठल्यावर आणि झोपायच्या आधी, आणि तेही वर्षभर नाही, डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा आणि औषध बदललं की नंतरचे एक-दोन आठवडे. बाकी वेळ ती स्वतः बोलली तर ऐकायचं, आपण खोदायचं नाही.

तिच्या वयाला ० ते १० आकडे सांगणं जड जातं, साधारण आठ वर्षांनंतर ते नीट जमायला लागतं. तोवर चेहऱ्यांची पट्टी वापरा. दोन प्रकार जास्त दिसतात. एकात पहिला चेहरा हसरा आणि शेवटचा रडका आहे, वाँग-बेकर म्हणतात त्याला, भरपूर हॉस्पिटलांच्या भिंतीवर दिसेल. दुसरी २००१ साली आलेली फेसेस पेन स्केल रिवाइज्ड, त्यात सहा साधे चेहरे आहेत, हसू नाही आणि अश्रूही नाहीत, नुसता चेहरा हळूहळू आवळत जातो, आणि त्यांना ०, २, ४, ६, ८, १० असे आकडे. मला या कामासाठी दुसरी जास्त पटते, कारण हसऱ्या-रडक्या पट्टीवर लहान मुलं मूड सांगतात. आज आईसक्रीम मिळालं म्हणून हसरा चेहरा दाखवतील आणि गुडघा ठणकत असला तरी 'मी रडले कुठे' म्हणून शेवटच्या चेहऱ्याला हातच लावणार नाहीत. ही दुसरी पट्टी ४ वर्षांपासूनच्या मुलांना चालते. तुमच्या डॉक्टरांकडून प्रिंट मागून घ्या. दाखवताना आनंदी-दुःखी असे शब्द काढूच नका, म्हणा, हा चेहरा म्हणजे अजिबात दुखत नाही आणि तो शेवटचा म्हणजे खूप खूप दुखतंय, तुझा आत्ताचा कुठला? तिने बोट ठेवलं की आकडा लिहायचा आणि थँक्यू म्हणून विषय बंद. 'एवढं? अगं काल तर कमी होतं' असं तोंडातून गेलं की पुढच्या वेळी ती तुमच्या पसंतीचा चेहरा दाखवणार. तुम्हाला स्वतःला काय वाटलं तो आकडा वेगळ्या रकान्यात लिहा, दोन्ही डॉक्टरांना द्या. आई-बापांचा आणि मुलांचा आकडा बऱ्याचदा जुळत नाही, कधी आपण कमी धरतो, कधी आपल्याच काळजीपोटी जास्त, म्हणून मूल सांगू शकत असेल तर आधी मुलाचा आकडा बघायचा, आपला जोडीला.

हे झालं किती दुखतं त्याचं. कुठे दुखतं त्यासाठी मला सगळ्यात आवडते ती रंगवायची पद्धत. कागदावर माणसाची साधी आकृती काढा, एक समोरून, एक पाठीमागून. चार रंग तिलाच निवडू दे, अजिबात नाही, थोडं, मधलं आणि खूप, कुठला रंग कशाला ते तीच ठरवणार. मुलांच्या संधिवातासाठी १९८७ मध्ये आलेल्या दुखण्याच्या एका प्रश्नावलीत हीच कल्पना आहे आणि अजून तिच्याइतकं सोपं काही मला तरी सापडलेलं नाही. एकदा वर्तकनगरची एक मुलगी माझ्यासमोर बसून रंगवत होती, आई म्हणत होती गुडघाच फक्त, आणि मुलीने गुडघ्याला फिका पिवळा दिला आणि मग दोन्ही कानांच्या पुढे जांभळा गिरगिटून ठेवला, तो रंग तिने 'खूप'साठी ठेवला होता. विचारल्यावर म्हणाली भाकरी चावताना. आईला एवढंच माहीत होतं की जेवायला तासभर लावते, त्यावरून रोज ओरडा बसायचा. जबड्याचा सांधा या आजारात सुजतो आणि बाहेरून काही दिसत नाही, ती त्याच आठवड्यात रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना, दाखवायला गेली. तुमच्या मुलीलाही एकदा रंगवायला द्या, तुम्ही बाजूला बसून सुचवू नका, उठून चहा टाका.

आणि आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे ते. मूल काय बोलतं यापेक्षा त्याने काय करणं सोडलं ते बघा. बराच काळ चालणाऱ्या दुखण्यात मुलं रडत नाहीत, ती वळसा घालतात. मांडी घालून बसणारी मुलगी एक पाय पुढे सोडून बसायला लागते, जिना एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरते, इंडियन टॉयलेटला नको म्हणते, डब्याचं झाकण मैत्रिणीकडून उघडून घेते, पाण्याची बाटली भरलेलीच परत येते कारण फिरवायचं झाकण तिला उघडत नाही, पेन्सिल वेगळीच धरते, केस विंचरताना मान वळवत नाही. बागेत घसरगुंडीवरून थेट झोपाळ्यावर आली आणि तिथेच बसून राहिली, तर आईला वाटतं झोपाळा आवडतो. डॉक्टर लोक सीएचएक्यू नावाचा फॉर्म भरून घेतात त्यात असेच ३० प्रश्न असतात, कपडे, उठणं, खाणं, चालणं, पकड वगैरे, आणि शेवटी एक १० सेंटिमीटरची रेघ, त्यावर गेल्या आठवड्यातल्या दुखण्याची खूण करायची. तो वेटिंग रूममध्ये घाईघाईत भरायचा फॉर्म नाही. घरी आणा, मुलीला शेजारी घेऊन भरा.

बाळांचं आणि बोलू न शकणाऱ्या मुलांचं वेगळं आहे, तिथे चेहरा, पाय, हालचाल, रडणं, शांत होतं का, यावर ० ते १० गुण देतात, फ्लॅक म्हणतात, १९९७ पासून आहे. पण ती मोजणी ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी बनवलेली, गुडघा महिनोनमहिने दुखणारं बाळ गप्प आणि स्थिर होतं, तिथे गुण कमी भरतात आणि आपण फसतो. कुणाचं लहान मूल असेल आणि हे वाचत असाल तर लक्षात असू द्या.

रिपोर्ट नॉर्मल आणि तरी दुखतं, याचं काय? होतं असं, आणि खूप होतं. एक-दोन सांध्यांच्या जेआयएत सूज असतानाही ईएसआर नॉर्मल राहू शकतो, त्यामुळे रिपोर्टपेक्षा डॉक्टरांचा हात गुडघ्यावर पडणं जास्त महत्त्वाचं. दुसरं म्हणजे सूज उतरली तरी वर्षभर जपून वापरलेल्या पायाचे मांडीचे स्नायू बारीक झालेले असतात, जिना उतरताना तेच पुरे पडत नाहीत, सहज बघा दोन्ही मांड्या सारख्या दिसतात का. तिसरं, बराच काळ दुखत राहिलं की दुखणं पोचवणाऱ्या नसा हळव्या होतात, थोड्याशानेही जास्त कळवतात, आणि झोप नीट झाली नाही की अजून वाढतं. या तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. पहिल्यात औषध बदलेल, दुसऱ्यात फिजिओ आणि व्यायाम, तिसऱ्यात झोप, नियमित हालचाल आणि कधीकधी मुलांच्या मानसोपचार तज्ज्ञाची मदत. म्हणून तर एवढं लिहून ठेवायला सांगतेय, नुसतं 'दुखतं' म्हटलं की यातलं काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. रात्री पाय चोळून मागते म्हणालात, तेव्हा सांधा दाखवते की पोटरी-मांडी, दोन्ही पाय की एकच, तेही लिहा. दोन्ही पोटऱ्या संध्याकाळी-रात्री दुखतात आणि सकाळी धावत सुटते, असं वाढत्या वयातलं दुखणं पुष्कळ मुलांना असतं आणि जेआयए असलेल्या मुलालाही ते असू शकतं. पण तुमच्याकडे सकाळ बिघडलेली आहे, म्हणून एवढ्यावर समाधान मानू नका.

उलटंही खरं आहे. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक असं या आजारात कधीच धरू नका. डोळ्याच्या आत सूज येते, युव्हायटिस, मूल काही बोलत नाही, डोळा लाल होत नाही आणि नजर जायला लागते. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या यंत्रावर, तपासणी किती दिवसांनी ते तिच्या जेआयएच्या प्रकाराप्रमाणे डॉक्टर ठरवतील, जास्त धोका असलेल्या मुलांना साधारण दर ३ महिन्यांनी सांगतात. तुमच्या पत्रात डोळ्यांचा उल्लेखच नाही म्हणून विचारते, शेवटची कधी झाली?

औषधाचं दोन ओळीत. काही पालक डॉक्टरांना दुखणं 'दिसावं' म्हणून आदल्या दिवसापासून नॅप्रोक्सेन बंद ठेवतात, तसं करू नका, पोरीला उगाच त्रास, शेवटचा डोस कधी दिला ते सांगितलं की डॉक्टर हिशोब लावतात. नॅप्रोक्सेन काहीतरी खाल्ल्यावरच द्यायची, आणि तिच्यावर घरातली आयबुप्रोफेनवाली गोळी परस्पर चढवायची नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच हे घरात सगळ्यांना माहीत असू दे, आजींना पण, रोजची समजून दिली गेली तर फार धोक्याचं आहे. त्या गोळीच्या दिवशी पोटात मळमळतं म्हणून शाळेला नको म्हणते का हेही बघा, मुलं सगळ्याच नकोशा वाटण्याला 'दुखतं' म्हणतात.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांना कामाला लावा. त्यांचे स्वतःचे गुडघे सकाळी कसे असतात ते विचारा, उठल्या उठल्या देवघरासमोर खाली बसवतं का? बसवत नसेल तर नातीचं त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल. सकाळी घड्याळ बघून मिनिटं लिहायचं काम त्यांच्याकडे द्या. मिस्टरांना व्हिडिओ काढायला सांगा. २०२० साली दुखण्याची जगभर मानली जाणारी व्याख्या सुधारली, त्यात साफ लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याचा मान ठेवला पाहिजे, आणि बोलून सांगणं हा दुखणं दाखवायच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक आहे. सात वर्षांची मुलगी माणूसच आहे ना. बरं, शाळा टाळायची असती तर ती मधल्या सुट्टीतही लंगडली असती.

शाळेत बाईंना लेखी द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. मागायचं फार नाही, तासाला एकदा उठून वर्गात फिरू द्या, वर्ग शक्यतो तळमजल्यावर, जमिनीवर फार वेळ बसवू नका, पीटीला काय जमेल ते ती स्वतः सांगेल. घरी तिला पंधरा-वीस मिनिटं आधी उठवून अंथरुणातच पाय हलवायला लावा, मग गरम पाण्याने अंघोळ, मग जिना. बऱ्याच मुलांची सकाळ एवढ्याने बदलते.

थांबायचं नाही असं कधी, तेही सांगून ठेवते. ताप आणि एकच सांधा लाल, गरम, हात लावू देत नाही, पाय टेकवत नाही, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, रात्र असली तरी. रोज रात्री दुखण्याने जाग येतेय, पोर फिकट पडतेय, वजन उतरतंय, तर लगेच डॉक्टर. डोळा लाल झाला किंवा उजेड सहन होईना तरी लगेच. मेथोट्रेक्सेट चालू असताना जास्त ताप आला किंवा वर्गात कुणाला कांजिण्या निघाल्या तर फोन करून पुढचं विचारा.

राहिलं लेझीम. नाचू द्या हो, तिने स्वतः नाव दिलंय. एवढं करा, प्रॅक्टिस झाली की त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. आखडणं नेहमीइतकंच राहिलं तर चालू ठेवा. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ राहिलं किंवा गुडघा फुगलेला दिसला तर पुढची प्रॅक्टिस अर्धी, आणि उकिडवं बसायच्या, गुडघा टेकवायच्या स्टेप्स तिने उभ्याने करायच्या. हे बाईंना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी तिला रांगेतून काढणार नाहीत. आणि पुढच्या अपॉइंटमेंटच्या आधीच्या आठवड्याची वही आणि ते दोन व्हिडिओ घेऊन जा, डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.